पॉलिमरवाल्या सरांचं नाव पद्मसाठी पाठवायचंय? अर्ज कसा भरायचा ते सांगतो

सर रिटायर झाले की आपण काय करतो, शाल, श्रीफळ, हार, ग्रुपवर चार फोटो, संपलं. आमचे सर तीस वर्षं पॉलिमरवर, म्हणजे प्लास्टिक, रबर, स्टार्च असल्या लांब साखळीच्या रेणूंवर काम करत होते, म्हणून यंदा आम्ही सोलापूरच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की सत्कार राहू दे, आधी नाव वर पाठवू. त्यात जे कळलं ते लिहितोय.

पहिला गैरसमज म्हणजे आमदार-खासदाराचं पत्र लागतं. पद्मसाठी तसलं काही लागत नाही. कुणीही नागरिक नाव सुचवू शकतो, स्वतःचंसुद्धा. सगळं ऑनलाइन, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर, मोबाईल नंबर टाकून रजिस्टर व्हायचं आणि फॉर्म भरायचा. 2026 च्या पद्मसाठी 15 मार्च ते 31 जुलै 2025 अशी मुदत होती, तारखा दरवर्षी थोड्या पुढंमागं होतात, त्यामुळं मार्च लागला की पोर्टल बघत राहा.

आता कोण बसतं यात? जात, धंदा, हुद्दा काही आड येत नाही. नोकरीत असलेल्या सरकारी माणसांना पद्म मिळत नाही पण डॉक्टर आणि शास्त्रज्ञ त्याला अपवाद आहेत, ही गोष्ट आपल्या कामाची. मरणोत्तर सहसा देत नाहीत, म्हणून सर हयात असतानाच उठा. आणि पॉलिमरवाल्याला कोण विचारतंय असं म्हणू नका, माशेलकर सर मूळ पॉलिमरचेच, 1991 ला पद्मश्री, 2000 ला पद्मभूषण, 2014 ला पद्मविभूषण. पुण्याच्या एनसीएलचेच (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) शिवराम, तेही पॉलिमर केमिस्ट, 2006 ला पद्मश्री.

दुसरा रस्ता म्हणजे राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार, यात आयुष्यभराच्या कामासाठी विज्ञान रत्न, विशेष योगदानासाठी विज्ञान श्री, 45 वर्षांपर्यंतच्यांना विज्ञान युवा आणि एक टीमसाठी. अर्ज त्याच पोर्टलवर. योजनेत मुदत 14 जानेवारी ते 28 फेब्रुवारी लिहिलीय, म्हणजे आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतच सुरुवात, पण प्रत्यक्षात ही मुदतसुद्धा सरकते, तेव्हा पोर्टलवर जे दिसेल तेच खरं धरा.

कागदपत्रांचं म्हणाल तर हे आधी गोळा करून ठेवा: सरांचा बायोडाटा, जन्मतारखेचा पुरावा, पत्ता, फोटो, पेपरची यादी, पेटंट, आधीचे पुरस्कार, किती जणांनी त्यांच्याकडं पीएचडी केली ते. पेटंट नुसतं फाइल केलेलं आणि ग्रँट झालेलं वेगवेगळं लिहा, सगळ्याला पेटंट म्हणून मोकळं होऊ नका. आमची खरी गोची नावात झाली. शहराच्या पूर्व भागातली तेलुगू आडनावं, आधारवर एक स्पेलिंग, पेपरवर दुसरं, आणि एका जुन्या पेपरवर तर वडिलांच्या नावाचं अक्षर पुढं आलेलं. दोन रविवार त्यातच गेले. शेवटी आधारवरचं नाव मुख्य धरलं आणि बाकीची स्पेलिंगं बायोडाट्यात लिहून टाकली.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे कामगिरीचं वर्णन, जास्तीत जास्त 800 शब्द. आमचा पहिला ड्राफ्ट दोन हजारच्या वर गेला, त्यात निम्मी नुसती पेपरची नावं आणि बाकी सर किती साधे आहेत, डबा स्वतः धुतात वगैरे. ते सगळं काढलं. पद्मला नुसती हुशारी पुरत नाही, कामात लोकसेवेचा भाग दिसावा लागतो. मग आम्ही खळीपासून सुरू केलं. मागावर चढवायच्या आधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला खळ देतात, ती स्टार्चची, म्हणजे निसर्गातलं पॉलिमरच, आणि ती नीट बसली नाही तर सूत तुटतं, माग थांबतो, चादर-टॉवेलवाल्याचा तास वाया जातो. पुढं तीच खळ धुवून काढली की पाणी घाण होतं. सरांनी कमी खळीत सूत कसं टिकेल यावर काम केलं, हे असं लिहिल्यावर सायन्स न शिकलेल्या माझ्या भावालाही पटकन समजलं. तुमच्या सरांचं काम टायरमधलं असेल नाहीतर औषधाच्या कोटिंगमधलं, पण कुणाचं काय सोपं झालं ते पहिल्या चार ओळीत यायला पाहिजे.

फॉर्म सबमिट केला की मग नुसतं थांबायचं. पद्मची नावं कॅबिनेट सेक्रेटरींच्या अध्यक्षतेखालची समिती बघते, यादी 26 जानेवारीच्या आसपास जाहीर होते, एका वर्षात साधारण 120 च्या वर देत नाहीत, मरणोत्तर आणि परदेशातले सोडून. मधे कुणाचा फोन आला की नाव पुढं सरकवतो, इतके इतके द्या, तर सरळ कट करा.

आणि मिळालाच तर एक लक्षात ठेवा, पद्म ही पदवी नाही, नावाच्या पुढं-मागं लावता येत नाही, लेटरहेडवर नाही, पत्रिकेवर नाही, पोस्टरवरपण नाही. सात रस्त्याला अभिनंदनाचा फ्लेक्स लावणाऱ्या आमच्या मित्राला हे आत्तापासून सांगून ठेवलंय, तो जरा नाराज झालाय.