सर्व्हरमध्ये अतिरिक्त डिस्क जोडणे

सर्व्हरची साठवणक्षमता अपुरी पडू लागल्यावर त्याला नवी डिस्क जोडून, तिची मांडणी करून ती कार्यप्रणालीच्या कायम वापरात आणण्याची प्रक्रिया. पुढील विवेचन मुख्यतः लिनक्स सर्व्हरांना धरून केले आहे. डिस्क प्रत्यक्ष खाचेत बसवलेली असो वा आभासी यंत्राला नेमून दिलेली असो, पुढचे टप्पे जवळपास सारखेच असतात. अनेक सर्व्हरांत यंत्र बंद न करताही डिस्क बसवता येते.

पहिले आणि सर्वांत जोखमीचे काम म्हणजे नवी डिस्क नेमकी कोणती हे ओळखणे. लिनक्स डिस्कांना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे देते. परंतु ही नावे डिस्क सापडण्याच्या क्रमावर अवलंबून असल्याने यंत्र पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. काल ‘एसडीबी’ असलेली डिस्क आज ‘एसडीसी’ झाली आणि ते लक्षात न घेता फॉरमॅटची आज्ञा दिली गेली, तर भरलेली डिस्क पुसली जाते. म्हणून आकार, मॉडेल आणि अनुक्रमांक ताडून पाहिल्याशिवाय कोणतीही आज्ञा देऊ नये.

त्यानंतर डिस्कवर पार्टिशन कोष्टक, म्हणजे डिस्कचे कोणते भाग (पार्टिशन) कुठे आहेत याची नोंद, तयार करतात. १९८३ पासून चालत आलेल्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचा (डिस्कवरील जागेच्या लहान तुकड्याचा) क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो. त्यामुळे ५१२ बाइटचे सेक्टर धरल्यास सुमारे २.२ टेराबाइटपलीकडची जागा तिच्या आवाक्याबाहेर राहते. जीपीटी पद्धतीला ही अडचण नाही. शिवाय ती कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवते, त्यामुळे सुरुवातीची प्रत खराब झाली तरी मांडणी परत मिळवता येते.

पार्टिशनवर फाइल सिस्टिम (फायली साठवण्याची रचना) उभारताना पुढचा विचार करावा लागतो. एक्सटी४ प्रकारची फाइल सिस्टिम गरजेप्रमाणे वाढवता येते आणि माउंट काढून (डिरेक्टरीशी असलेली जोडणी सोडवून) लहानही करता येते; एक्सएफएस हा प्रकार चालू स्थितीत सहज वाढते, पण लहान करणे व्यवहारात शक्य नसते. एक्सटी४ नेहमीच्या मांडणीत ५ टक्के जागा रूट (सर्वाधिकारी) वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, हेही ठाऊक असावे. अन्यथा मोठ्या डिस्कवर बरीच जागा ‘हरवल्यासारखी’ वाटते.

जागा पुन्हा वाढवावी लागेल अशी शक्यता असल्यास एलव्हीएम हा थर मध्ये घालणे इष्ट ठरते. त्यात अनेक डिस्कांचा एक समूह करून त्यातून हवे तेवढे तार्किक भाग काढतात. नवी डिस्क समूहात घेणे, तार्किक भाग वाढवणे आणि त्यावरील फाइल सिस्टिम वाढवणे ही तीन वेगळी कामे आहेत. तिसरे राहून गेल्यास जागा वाढूनही वापरकर्त्याला ती दिसत नाही. मात्र एकच भाग दोन डिस्कांवर पसरला असेल आणि माहितीची दुसरी प्रत नसेल, तर एक डिस्क निकामी होताच तो संपूर्ण भाग धोक्यात येतो. अनेक डिस्क एकत्र वापरणाऱ्या रेड पद्धतीने डिस्कच्या बिघाडापासून संरक्षण मिळू शकते. चुकून पुसलेल्या फायली मात्र ती परत देत नाही, म्हणून स्वतंत्र बॅकअप लागतोच.

शेवटी फाइल सिस्टिम एखाद्या डिरेक्टरीवर माउंट करतात. त्या डिरेक्टरीत आधीच फायली असतील तर त्या नष्ट होत नाहीत, पण माउंट असेपर्यंत झाकल्या जातात आणि जुन्या डिस्कवरची जागा अडवून ठेवतात. माउंट कायम राहावे म्हणून त्याची नोंद एफएसटॅब फाइलीत करतात. येथेही बदलत्या नावाऐवजी फाइल सिस्टिमचा यूयूआयडी (तिचा स्वतंत्र ओळखक्रमांक) लिहावा, कारण तो फाइल सिस्टिममध्येच साठवलेला असतो आणि डिस्क कोणत्याही खाचेत गेली तरी तोच राहतो. या फाइलीतील एखाद्या अक्षराच्या चुकीनेही सर्व्हर सुरू होताना अडकून आणीबाणीच्या स्थितीत जाऊ शकतो. दूरच्या यंत्राबाबत हा प्रसंग फारच अवघड असतो. म्हणून अत्यावश्यक नसलेल्या डिस्कच्या नोंदीत ‘नोफेल’ हा पर्याय (डिस्क न सापडल्यास सर्व्हर अडकू न देणारा) देतात आणि यंत्र पुन्हा सुरू करण्याआधी ‘माउंट’ आज्ञेने सर्व नोंदी एकदा तपासून घेतात.