डोक्याला लागलेला मुका मार आणि दीडशे वर्षांचा संशय

डोक्याला मार लागतो, रक्त येत नाही, माणूस उठून बसतो आणि बोलायलाही लागतो. काही दिवसांनी मात्र उजेड आणि गोंगाट सोसत नाही, हिशेब चुकतात, झोप उडते, घरच्यांवर विनाकारण चिडचिड होते. मेंदूच्या सौम्य इजेची ही लक्षणं आज वैद्यकात सर्वमान्य आहेत. पण तिथवर पोचायला फार काळ गेला, आणि त्या विलंबाला विज्ञानाच्या मर्यादांइतकाच भरपाई कोणी द्यायची हा वादही कारणीभूत होता.

या वादाची सुरुवात इंग्लंडच्या आगगाड्यांपासून झाली. अपघातातून धडधाकट बाहेर पडलेले प्रवासी पुढे विसरभोळे होत, त्यांना धंदा सांभाळता येईनासा होई. १८६६ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिकसन यांनी अशा रुग्णांची तपशीलवार वर्णनं प्रसिद्ध केली. हादऱ्याने पाठीच्या कण्याला इजा होते, असं त्यांचं मत होतं. ते पुढे टिकलं नाही, पण रुग्णांची गाऱ्हाणी त्यांनी मन लावून ऐकली होती. न्यायालयात दावे वाढले. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी प्रतिवाद केला की बहुतेक लक्षणांचं मूळ भीतीत आहे. पेज हे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न या रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते, हे विसरून चालणार नाही. भीतीचा परिणाम होतो हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्याचा उपयोग रुग्णाला खोटं ठरवायला झाला.

पहिल्या महायुद्धात हाच प्रश्न सैन्यापुढे आला. फेब्रुवारी १९१५ मध्ये सैन्यातले डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’च्या, म्हणजे तोफगोळ्याच्या हादऱ्याने आजारी पडलेल्या, तीन सैनिकांची हकीकत मांडली. मग ब्रिटिश सैन्याने दोन वर्ग पाडले. तोफगोळ्याचा प्रत्यक्ष हादरा बसलेला तो जखमी, बाकीचे नुसते आजारी. जखमीला मानाची पट्टी आणि निवृत्तिवेतनाचा हक्क मिळे, आजाऱ्याला तो मान नसे. शेजारी फुटलेल्या गोळ्याने मेंदू किती हलला, हे त्या काळी कोण आणि कसं ठरवणार होतं?

मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत न्यूजर्सीचे डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये वारंवार बसणाऱ्या ठोशांचे दूरगामी परिणाम नोंदवले. १९४३ मध्ये ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी कवटीच्या आकाराच्या साच्यात जिलेटिन भरून दाखवलं की डोकं झटक्याने फिरलं की आतला मऊ भाग पिळवटतो. कवटी न फुटताही इजा कशी होते, याचं ते ठोस उत्तर होतं. तरीही १९६१ मध्ये हेन्री मिलर या नामांकित मेंदूविकारतज्ज्ञांनी लिहिलं की दाव्याचा निकाल लागला की असे रुग्ण बरे होतात. वकिलांना आणि विमा कंपन्यांना हे वाक्य फार सोयीचं ठरलं. पुढच्या पाहण्यांत मात्र निकालानंतरही अनेकांचा त्रास तसाच राहिल्याचं दिसलं.

१९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ग्लासगो कोमा स्केल ही रुग्णाची शुद्ध गुणांत मोजण्याची पट्टी दिली. १५ पैकी १३ ते १५ गुण म्हणजे सौम्य इजा. पण ही मोजपट्टी शुद्धीची आहे, पुढे माणूस काम करू शकेल की नाही हे ती सांगत नाही. ते १९८१ मध्ये व्हर्जिनियातल्या अभ्यासाने दाखवलं. किरकोळ मार लागलेल्या रुग्णांपैकी जे आधी नोकरीधंद्यात होते, त्यांतले जवळपास एक तृतीयांश तीन महिन्यांनंतरही बेकार होते. भरपाईच्या दाव्यांचा त्याच्याशी फारसा संबंध आढळला नाही. सौम्य इजेच्या १९९३ मधल्या अमेरिकी व्याख्येत तर शुद्ध हरपण्याची अटही उरली नाही. मार लागल्यावर गोंधळून जाणं किंवा आधीनंतरचं न आठवणंही पुरेसं मानलं गेलं.

क्रिकेटमध्ये कन्कशन सबस्टिट्यूटचा, म्हणजे डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा उतरवण्याचा नियम ऑगस्ट २०१९ मध्ये आला. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला हेल्मेटवर चेंडू बसूनही रवींद्र जडेजा खेळत राहिला. डाव संपल्यावर त्याला गरगरू लागलं, चहल त्याच्या जागी उतरला आणि त्याने तीन बळी घेतले. लगेच शंका घेतल्या गेल्या. लक्षणं उशिरा उमटू शकतात, हे तेव्हाही पुष्कळांना पटलं नाही.

आपल्याकडे हा प्रश्न दुचाकीवरून पडलेल्यांचा आहे. सीटी स्कॅन नॉर्मल आला की बहुतेकांना घरी सोडतात. रक्तस्राव नाही, हे कळणं जिवाच्या दृष्टीने मोलाचं आहे. पण सौम्य इजेत बहुतेकदा स्कॅन स्वच्छच असतो. त्यातले बरेच जण काही आठवड्यांत बरे होतात. उरलेल्यांना पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभं राहावं लागतं, तेव्हा पुरावा म्हणून पहिल्या दिवसाचे कागदच हाताशी असतात. म्हणून सोबत गेलेल्याने डॉक्टरांना स्पष्ट सांगावं की याला अपघात आठवत नाही, हा तेच तेच विचारतोय, याला ओकारी झाली, आणि ते केसपेपरवर लिहायची विनंती करावी.