एम्पायर स्टेट बिल्डिंगचे ऊर्जा-नूतनीकरण

न्यूयॉर्कमधील एम्पायर स्टेट बिल्डिंग या १०२ मजली इमारतीचा ऊर्जावापर घटवण्यासाठी २००९ मध्ये जाहीर झालेला प्रकल्प. उभी असलेली उत्तुंग इमारत न पाडता, तिच्यातली कार्यालये चालू ठेवून ऊर्जेची किती बचत करता येते, हे दाखवणारा तो महत्त्वाचा दाखला मानला जातो.

इमारत १ मे १९३१ रोजी खुली झाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मालकांनी तिच्या एकूण दुरुस्तीचे मोठे काम हाती घेतले, तेव्हा क्लिंटन क्लायमेट इनिशिएटिव्ह, रॉकी माउंटन इन्स्टिट्यूट, जॉन्सन कंट्रोल्स आणि जोन्स लँग लासाल या संस्था व कंपन्यांनी मालकांसोबत बसून साठाहून अधिक उपाय तपासले. त्यांतले आठ निवडले गेले. दुरुस्ती होणारच होती, म्हणून ऊर्जेची कामे तिच्यात गुंफता आली. ही वेळ साधली नसती, तर खर्चाचे गणित जमणे अवघड होते.

सगळ्यात रोचक काम खिडक्यांचे. इमारतीला सुमारे ६,५०० खिडक्या असून त्यांना दुहेरी काचा आधीपासूनच होत्या. त्या फेकून नव्या आणण्याऐवजी पाचव्या मजल्यावरच कार्यशाळा थाटण्यात आली. तिथे काचा सुट्या करून, धुऊन, दोन काचांच्या मध्ये उष्णता परतवणारा पातळ पारदर्शक पडदा ताणून बसवला गेला आणि मधल्या पोकळीत आर्गॉन व क्रिप्टॉन वायूंचे मिश्रण भरले गेले. जुन्या काचा-चौकटींपैकी सुमारे ९६ टक्के सामान पुन्हा वापरात आले आणि खिडक्यांचा उष्णतारोध दुपटीहून कितीतरी वाढला. टाकाऊ काचेचे ढीग आणि नव्या काचेची वाहतूक, दोन्ही वाचले. खिडक्यांखाली वाफेवर तापणारे रेडिएटर आहेत. त्यांची उष्णता खोलीत येण्याऐवजी मागच्या भिंतीतून बाहेर झिरपत असे. रेडिएटर आणि भिंत यांच्यामध्ये उष्णतारोधक थर बसवून ती गळती कमी करण्यात आली.

त्यानंतर चिलरचा विचार झाला. (चिलर म्हणजे वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारे मोठे यंत्र.) काचा आणि दिवे सुधारल्यामुळे थंडाव्याची गरज आधीच घटली होती. त्यामुळे आणखी मोठी यंत्रे घ्यायची गरज उरली नाही. जुन्या चिलरची बाहेरची कवचे ठेवून आतल्या नळ्या, मोटारी व झडपा बदलल्या, एवढ्यावर भागले. मोठा भांडवली खर्च टळला. या प्रकल्पाचे खरे मर्म याच क्रमात आहे. हवामान वेगळे असले तरी मुंबई-पुण्यातल्या काचेच्या कार्यालयांनाही तो लागू पडतो: आधी काचेतून आत येणारे ऊन अडवायचे आणि मग यंत्राचा आकार ठरवायचा.

हवा खेळवणाऱ्या यंत्रणेतही बदल झाले. माणसांच्या वर्दळीनुसार आत घेतली जाणारी ताजी हवा कमी-जास्त करणारी नियंत्रणे आली. अवघड भाग होता भाडेकरूंचा, कारण दिवे, संगणक आणि पंखे चालवतात ते. मालकाचा त्यावर थेट ताबा नसतो. म्हणून स्वतंत्र मीटर आणि आपला वापर पाहता येईल अशी सोय त्यांना देण्याचे ठरले.

आठही उपाय मिळून ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी घटेल आणि वर्षाला ४४ लाख डॉलर वाचतील, असा अंदाज होता. त्यासाठी मूळ दुरुस्तीच्या खर्चात १ कोटी ३२ लाख डॉलरची भर पडली. म्हणजे सुमारे तीन वर्षांत वसूल होणारी रक्कम. बचतीच्या मोठ्या भागाची हमी जॉन्सन कंट्रोल्सने करारात दिली होती: बचत कमी पडली तर तूट कंपनीने भरायची. २०११ मध्ये इमारतीला पर्यावरणपूरक इमारतींसाठीचे ‘लीड गोल्ड’ प्रमाणपत्र मिळाले.

न्यूयॉर्कच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश इमारतींमुळे हवेत जातात. २०१९ मध्ये शहराने ‘लोकल लॉ ९७’ हा कायदा संमत केला. २५,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या बहुतेक इमारतींना २०२४ पासून उत्सर्जनाची कमाल मर्यादा लागू झाली असून, ती ओलांडल्यास जादा उत्सर्जनाच्या दर टनामागे २६८ डॉलर दंडाची तरतूद आहे.