घरची उपासना (मराठी ख्रिस्ती समाज)

रविवारची मिस्सा (कॅथलिकांची उपासना) किंवा भक्ती (प्रोटेस्टंटांची) आटोपली की ख्रिस्ती माणसाचा देवाशी संबंध संपला असं नसतं, बाकीचे सहा दिवस घरात, शेतात, ऑफिसात जे चालतं तीही उपासनाच मानली जाते. आधार बहुतेक वेळा पौलाच्या रोमकरांस पत्रातला, 12 व्या अध्यायाची सुरुवात: आपली शरीरंच देवाला जिवंत यज्ञ म्हणून द्या. म्हणजे बकरं-बोकड नको, तुम्हीच या. महाराष्ट्रात याची दोन ठळक रूपं दिसतात, वसई-मुंबईकडचं कॅथलिक आणि नगर-पुणे-सोलापूर-मराठवाड्याकडचं प्रोटेस्टंट (नगर जिल्ह्यात कॅथलिकही भरपूर आहेत, हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा सगळ्यांना माहीतच असेल).

वसईवर पोर्तुगीजांचं राज्य 1534 ते 1739, राज्य गेलं पण संध्याकाळची प्रार्थना राहिली. चर्चची घंटा सकाळी, दुपारी बाराला आणि दिवेलागणीला होते, आणि जुनी माणसं अजूनही घंटा ऐकली की हातातलं काम थांबवून क्रुसाची खूण करतात. रात्री जेवणाआधी रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना. भिंतीवरच्या छोट्या वेदीपुढे मेणबत्ती लावून सगळं घर बसतं, एकजण अर्धी 'नमो मरिया' म्हणतो, बाकीचे उरलेली अर्धी, अशा दहा झाल्या की एक रहस्य (येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग) पूर्ण, अशी पाच रहस्यं. सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, आणि गुरुवारची प्रकाशाची रहस्यं तर पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये घातली, म्हणून कित्येक आज्यांना ती पटकन आठवत नाहीत. पोरं डुलक्या काढतात, गुडघे बदलतात, कुकरची शिट्टी झाली की कोणीतरी 'नमो मरिया' म्हणतच उठून गॅस बंद करून येतं, आणि माझ्या मते रोझरीची खरी जागा हीच, स्वयंपाकघराला लागून. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (1962-65) मिस्साच लॅटिनमध्ये होती, प्रवचन सोडलं तर साध्या माणसाला अर्थ कुठून कळणार? तेव्हा भक्ती टिकवली ती घरांनी, त्यातही बायकांनी, हे चर्चच्या इतिहासात फार कमी लिहिलं जातं.

मुंबईच्या गावठाणांमध्ये ही उपासना घराबाहेर गल्लीतच येते. बांद्रा, गिरगावची खोताची वाडी, माझगावची म्हातारपाखाडी इथे नाक्यानाक्यावर क्रूस आहेत, त्यातले बरेच 1896 च्या प्लेगच्या काळात, साथ टळावी म्हणून किंवा टळली म्हणून उभारलेले. मे महिन्यात क्रुसाला फुलं-तोरणं लावून शेजारी जमतात, लितानी (ओळीने आळवायची प्रार्थना) गातात, आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. चण्यांसाठी येणारे शेजारी सगळे ख्रिस्तीच असतात असं काही नाही.

नगरकडे रंग वेगळा. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे 1831 पासून, आणि आधी उपासनेत इंग्रजी चालीवरच्या गाण्यांचाच भर. ते बदलायला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मोठा हात. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा, त्याने अभंग-ओव्यांमध्ये ख्रिस्त आणला आणि पेटी, टाळ, कीर्तन हे सगळं उपासनेत रुजवायला हातभार लावला. त्यांची पदं 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात आहेत आणि घरोघरी रात्री एक पद, बायबलचा एक उतारा, एक प्रार्थना असा क्रम असतो. 1917 ला मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती, हे तेव्हाच्या मिशनवाल्यांना पचणं अवघडच. पण रोजच्या जगण्यातला बदल बघायचा तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे बघावं. टिळक ख्रिस्ती झाले तरी त्या कितीतरी वर्षं सोवळं पाळत होत्या, पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा, आणि मग देवाने काही जाती केल्या नाहीत हे स्वतःशी ठरवून त्यांनी ते सगळं सोडलं. बाप्तिस्मा नंतर, 1900 मध्ये. म्हणजे आधी पाण्याचा हंडा बदलला, मग धर्म.

पंडिता रमाबाईंचं केडगाव (दौंड तालुका) हे रोजचं काम आणि उपासना एकत्र चालण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणता येईल. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली-बायका आणल्या आणि 'मुक्ती' या त्यांच्या आश्रमाचा पसारा उभा राहिला, शेती, विणकाम, छापखाना, आणि त्याच दिवसात प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या. 1905 मध्ये तिथे मोठं आत्मिक जागरण झालं, त्यावर लोक खूप लिहितात, पण मला जास्त भावतं ते हे की रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि त्याचे खिळे जुळवायचं, छापायचं काम तिथल्याच बायकांनी केलं.

प्रोटेस्टंट मंडळींमध्ये हंगामाचा सणही असतो. लोक भोपळे, ज्वारीची कणसं, अंडी, जिवंत कोंबडी असं काय काय वेदीपुढे आणून ठेवतात, भक्ती झाली की अंगणात लिलाव, आणि मग एका लिंबासाठी दोन घरं इरेला पेटतात, पैसा चर्चच्या कामाला जातो. वाढदिवस, नवीन घर, नोकरी लागली, काहीही झालं की घरी उपकारस्तुतीची सभा ठेवतात आणि चहा-फराळ.

एक बाजू मात्र कडू आहे. नगर-मराठवाड्यातले बरेच ख्रिस्ती महार-मांग समाजातून आलेले, आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे कागदावर एक धर्म आणि घरात दुसरा अशी कुटुंबं आहेत, शाळेच्या दाखल्यावर जुनीच नोंद आणि रात्री दार लोटून टिळकांचं पद. चर्चच्या वहीत नाव घालायचं तर सवलत जाते, पोराची फी कोण भरणार? अशा घरांसाठी घरची उपासना ही रविवारच्या उपासनेला जोड नसून तेवढीच एक उपासना उरते.