पार्किन्सन म्हणजे ‘वयाची थरथर’ नव्हे

ठाण्याच्या तलावपाळीवर हमखास ऐकू येतं : ‘वय झालं की हात थरथरणारच, तोच पार्किन्सन.’ चूक. पार्किन्सन हा मेंदूचा आजार आहे आणि त्यात काहींना थरथर नसतेच. हालचाल मंदावते, अंग ताठरतं.

या आजारामागचा बिघाड पेशीतल्या वाहतुकीतही असू शकतो. एंडोसोम हा पेशीतला मालाची वाटणी करणारा कप्पा म्हणजे जणू ठाणे स्टेशन : इथून माल (प्रथिनं वगैरे) पुन्हा वापरात जातो, नाहीतर लायसोसोम या विघटनाच्या कप्प्यात मोडीत. परत पाठवण्याचं काम रेट्रोमर या प्रथिनांच्या गटाचं. त्यातल्या व्हीपीएस३५ प्रथिनाचं ६२०वं अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक मणी) बदललं (अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी अ‍ॅस्परॅजिन), तर पार्किन्सन होऊ शकतो, हे २०११मध्ये कळलं. शेकडोंतलं एकच! रेट्रोमर मोडत नाही, पण मालाची वाटणी चुकते. शिवाय एलआरआरके२ हे एन्झाइम चेकाळतं आणि रॅब या वाहतूक सांभाळणाऱ्या प्रथिनांवर वाजवीपेक्षा जास्त फॉस्फेट चिकटवतं. असे रुग्ण विरळाच, पण त्यांचा त्रास बहुधा पन्नाशीच्या आसपासच सुरू होतो.