जपलेला हात आणि पंचगंगेचा फुगवटा

माझी मावशी राधानगरी तालुक्यातील एका गावात राहते. आठ वर्षांपूर्वी तिच्या डाव्या स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो झाली आणि शेवटी रेडिएशन, ज्याला गावात ‘लाईट देणे’ म्हणतात, तेही पार पडले. उपचार संपल्यावर घरी जाताना मिळालेल्या सूचनांपैकी तिच्या लक्षात एकच पक्की राहिली, ती म्हणजे ‘या हाताला जपा’. तिने ती व्रतासारखी पाळली. घागर उचलली नाही, भाकरीचे पीठ मळले नाही, आणि लग्न होऊन आल्यापासून जिची धार तिनेच काढली त्या गोठ्यातली म्हैस जावेच्या हवाली केली. चौथ्या वर्षी लेकीच्या लग्नात मात्र दोन दिवस राबणे टाळता आले नाही आणि तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. सगळ्यांनी एकच निदान केले, की तिने हात जपायला हवा होता. ती मला म्हणाली, “हात जपायचा म्हणून जपला, आता हातच माझं ऐकंना झालाय.”

ऑपरेशननंतर येणारी ही सूज डॉक्टरांच्या भाषेत लिम्फीडिमा म्हणून ओळखली जाते. तिच्या भीतीने असंख्य स्त्रिया उपचारानंतरचे आयुष्य एका हाताने जगतात आणि ‘जपा’ हा शब्द त्यांना कोणी समजावून सांगत नाही. मावशीच्या बाबतीत, माझ्या मते, शक्यता नेमकी उलटी आहे. तीन वर्षे न वापरलेल्या हातावर दोन दिवसांत लग्नघराचे ओझे पडले. असे का म्हणतो, हे सांगण्यासाठी आपल्या शरीरातील पाण्याचा एक मार्ग जरा सविस्तर पाहावा लागेल. शरीरशास्त्रातला माझा हा सर्वांत आवडता भाग आहे, त्यामुळे वाचकांनी थोडा धीर धरावा.

रक्तकेशिका पाझरतात, आणि त्यांनी पाझरणे आवश्यकच असते, कारण पेशींना पाणी, क्षार आणि पोषण त्या पाझरातून मिळते. मूत्रपिंडे वगळता साऱ्या शरीरातील केशिकांतून दिवसाला सुमारे ८ लिटर द्रव बाहेर झिरपतो. आपल्या रक्तातील द्रवाचा भाग जेमतेम ३ लिटर असतो, म्हणजे हा पाझर परत आला नाही तर सकाळी सुरू झालेली गळती संध्याकाळपर्यंत रक्त आटवून टाकील. तो परत येतो कसा? ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडलेल्या दाबांच्या समतोलावरून पाठ्यपुस्तकांनी एक सोपे चित्र रंगवले, की केशिकेच्या धमनीकडच्या टोकाला द्रव बाहेर पडतो आणि शिरेकडच्या टोकाला बहुतेक सारा आत ओढला जातो. आपणही शाळेत हेच शिकलो. लेव्हिक आणि मिशेल या संशोधकांनी २०१० मध्ये उपलब्ध मोजमापांचा आढावा घेऊन दाखवले की बहुतेक ऊतींत शिरेकडच्या टोकाला असे कायम आत ओढले जाणे होतच नाही. झिरपलेला जवळजवळ सगळा द्रव लसिकावाहिन्यांमार्फतच, म्हणजे ऊतींतला हा द्रव गोळा करून रक्तात परत नेणाऱ्या बारीक नळ्यांमधूनच परततो. त्या नळ्यांतल्या द्रवालाच लसिका म्हणतात. ज्या यंत्रणेला आपण जोडव्यवस्था समजत होतो, तीच मुख्य निचरा आहे.

या वाहिन्यांची सुरुवात अतिशय देखणी आहे. सर्वांत बारीक लसिकावाहिनीची भिंत एका थराच्या पेशींची असते आणि त्या पेशींच्या कडा मंगलोरी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. प्रत्येक कौलाची कड सूक्ष्म धाग्यांनी भोवतालच्या ऊतीला बांधलेली असते. ऊतीत पाणी साठले, किंवा शेजारचा स्नायू हलून कातडी ताणली गेली, की हे धागे ओढले जातात, कौल किंचित उचलले जाते आणि द्रव आत शिरतो. आतला दाब वाढला की तेच कौल मिटते, त्यामुळे शिरलेले पाणी बाहेर येत नाही. म्हणजे पहिल्या दारात हालचाल हीच किल्ली आहे.

पुढच्या, जरा मोठ्या वाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात आणि ठरावीक अंतरावर एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा हा एक स्वतंत्र छोटा पंप असतो. तो भरतो, आकुंचन पावतो आणि लसिका पुढच्या तुकड्यात ढकलतो, असे मिनिटाला काही वेळा घडते. अकरावीत ज्या बेडकाचे आपण विच्छेदन करत होतो, त्याला या कामासाठी वेगळी लसिकाहृदये असतात. माणसाला ती नाहीत, त्याऐवजी वाहिनीचा तुकडा न् तुकडा हृदयासारखा धडधडतो. ज्याने म्हशीची धार काढली आहे त्याला हे चटकन उमजेल. अंगठा आणि तर्जनीने सड वरून बंद करायचा, मग उरलेली बोटे क्रमाने मिटत खाली आणायची, म्हणजे दूध वर न जाता चरवीतच पडते. झडप आणि पिळणे, एवढेच ते तंत्र आहे. शिवाय हाताचे मोठे स्नायू आखडतात तेव्हा या वाहिन्या बाहेरूनही दाबल्या जातात आणि पंपाला फुकटचे बळ मिळते.

हाताच्या आणि स्तनाच्या बहुतेक लसिकावाहिन्या काखेत एकत्र येतात, जशा भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी चिखलीच्या प्रयागाजवळ येऊन पंचगंगा होते. काखेत साधारण २० ते ३० लसिका ग्रंथी असतात, ज्यांना रुग्ण ‘गाठी’ म्हणतात. त्या लसिका गाळतात, आणि त्यातले पाणी थेट रक्तात परत घेण्याचे कामही करतात. कॅन्सर कुठवर गेला हे पाहण्यासाठी किंवा तो काढून टाकण्यासाठी या गाठी काढल्या, वर रेडिएशनने तेथे व्रण पडला, की पुढची वाट अरुंद होते. मग काय होते, हे कोल्हापूरकरांना २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यांनंतर वेगळे सांगायला नको. खाली कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी ओढून घेतले जात नाही, फुगवटा मागे सरकतो आणि चिखली-आंबेवाडीच्या शेतांत पाणी उभे राहते. हाताची सूज हा असाच फुगवटा आहे.

मात्र ही तुलना एका जागी अपुरी पडते, आणि तेथेच खरी गंमत आहे. पूर अडथळ्याबरोबर येतो, तर ही सूज बहुतेक स्त्रियांना येतच नाही, आणि ज्यांना येते त्यांना अनेकदा महिन्यांनी किंवा वर्षांनी येते. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले प्रमाण असे होते, की काखेतल्या गाठी मोठ्या प्रमाणावर काढलेल्यांपैकी सुमारे २० टक्के स्त्रियांचा हात सुजला, तर फक्त पहिली पहारेकरी गाठ, म्हणजे स्तनाकडची लसिका जिच्यात सर्वांत आधी पोहोचते ती, तपासलेल्यांपैकी सुमारे ५.६ टक्के. वाट अडूनही उरलेल्या वाहिन्या वर्षानुवर्षे जोर लावून पाणी वर चढवत राहतात. लंडनच्या संशोधकांनी २००७ मध्ये हाताभोवती पट्टा फुगवून, पंप किती दाबापर्यंत लसिका पुढे ढकलू शकतो हे मोजले. निरोगी हातात तो दाब पाऱ्याच्या सुमारे ४० मिलिमीटर इतका होता, तर सुजलेल्या हातात जवळपास ३८ टक्क्यांनी कमी. म्हणजे सूज हे थकलेल्या पंपाचे चिन्ह आहे. पंप थकला की पाण्याबरोबर प्रथिने साचतात, त्यांच्याभोवती दाह होतो, हळूहळू तंतू आणि चरबी वाढते आणि बोटाने दाबल्यावर खड्डा पडणारी मऊ सूज टणक होत जाते. साचलेल्या पाण्यात जंतूंनाही फावते, म्हणून लहानशी जखम चिघळून हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आता ‘जपा’मागचा तर्क दिसेल. श्रम केले की हातात रक्त जास्त येते, रक्त जास्त आले की पाझर वाढतो, आणि पंप आधीच दमलेला आहे, तेव्हा श्रमच नकोत. तर्क निर्दोष वाटतो, पण त्यात दुसरी बाजू सुटली आहे. न वापरलेल्या हाताचे स्नायू झिजतात, त्यामुळे पूर्वी सहज पेलणारी पाच किलोची पिशवी त्याच हाताला आता आटोकाट वाटते. ज्या गावच्या तालमीत नवा पोरगा पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारत नाही, त्या गावाला हे समजायला अवघड नाही. तयार हाताला तेच काम हलके जाते, दुखापत आणि दाह कमी होतो.

हा तर्क प्रत्यक्ष तपासला गेला तो एका नावेत. कॅनडातील व्हँकुव्हर येथे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेंझी यांनी १९९६ मध्ये स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या २४ स्त्रियांना आधी व्यायामशाळेत तयार केले आणि मग ड्रॅगन बोट या लांब नावेत वल्ही मारायला बसवले. हाताचे इतके जोरकस आणि पुन्हा पुन्हा करावे लागणारे काम त्या काळी त्यांना सक्त मना होते. हंगाम संपला, आणि एकाही स्त्रीला नव्याने सूज आली नाही. २४ हा आकडा लहान आहे आणि तेथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे तो पुरावा म्हणून अपुरा होता. पण दार उघडले. अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाने वर्षभर आठवड्यातून दोनदा वजने उचलली. सुरुवात अगदी हलक्या वजनाने झाली आणि वाढ थोडी थोडी केली गेली. त्यांच्या दंडावर दाब देणारी बाही असे. २००९ मध्ये निष्कर्ष आले. लक्षणीय सूज वाढलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते, ११ आणि १२ टक्के, पण सूज एकदम भडकण्याचे प्रसंग व्यायाम करणाऱ्यांत १४ टक्के, तर न करणाऱ्यांत २९ टक्के होते. पुढच्या वर्षी, सूज नसलेल्या १५४ स्त्रियांच्या अभ्यासात, ज्यांच्या पाच किंवा अधिक गाठी काढल्या होत्या त्यांच्यापैकी व्यायाम करणाऱ्या ७ टक्के आणि न करणाऱ्या २२ टक्के स्त्रियांचा हात सुजला.

या ज्ञानाला आपल्याकडे उशीर होतो आहे आणि त्या रिकाम्या जागेत दुसरेच काही शिरते. सुजलेल्या दंडाला मंतरलेला दोरा बांधला जातो, जो उरलासुरला निचराही आवळतो. ‘पाणी काढण्यासाठी’ सुईने टोचले जाते आणि जंतूंना दार उघडून मिळते. गरम लेप व कडक शेक दिला जातो, ज्याने केशिका रुंदावून पाझर आणखी वाढतो. कुणी करणी म्हणते, कुणी बाईचे ताट-तांब्या वेगळे ठेवते, जणू कॅन्सर शिवून पसरतो. यांतल्या एकाही गोष्टीला आधार नाही आणि पहिल्या तीन तर थेट इजा करतात, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

दुसऱ्या टोकाला शिकलेल्यांची एक अंधश्रद्धा आहे, की मन खंबीर ठेवले की कॅन्सर पळतो. तिला विज्ञानाचाच एक धागा चिकटलेला आहे. डेव्हिड स्पीगेल यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी आधारगटात, म्हणजे रुग्णांनी एकत्र बसून बोलण्याच्या गटात जाणाऱ्या सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि न जाणाऱ्या १८.९ महिने. जगभर खळबळ उडाली. पण २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर तेच तपासले गेले तेव्हा दोन्ही गटांचे आयुर्मान जवळपास सारखे, सुमारे १८ महिने निघाले, आणि स्पीगेल यांच्या स्वतःच्या पुढच्या अभ्यासातही आयुष्य लांबल्याचे दिसले नाही. जिचा आजार परत येतो तिचे मन कमी पडले, असे म्हणणे म्हणूनच खोटे आहे, आणि मला ते क्रूरही वाटते. त्याच कॅनडियन अभ्यासात मात्र गटात जाणाऱ्यांना वेदना कमी जाणवल्या, आणि ज्या आधीपासून जास्त व्याकूळ होत्या त्यांना सर्वाधिक उतार पडला. मला हा फायदा अजिबात लहान वाटत नाही.

उपचार चालू असताना घर भरलेले असते. शेवटच्या केमोनंतर पाहुणे पांगतात, ‘आता बरी झालीस ना?’ हा प्रश्न उत्तराची वाट न पाहता विचारला जातो, आणि थकवा, पाच ते दहा वर्षे घ्यायच्या गोळ्या, प्रत्येक तपासणीच्या आधी उडणारी झोप हे सगळे तिच्या एकटीच्या वाट्याला येते. डॉक्टर ‘हात वापरा’ म्हणतील, पण कपडे किती पिळायचे, बांगड्या कोणत्या मापाच्या घालायच्या, ब्लाउजची बाही कुठे सैल ठेवायची, हे त्या वाटेने गेलेलीच सांगू शकते. आणि तिने स्वतः उचललेली घागर पाहिल्यावर जो धीर येतो तो कोणत्याही आकडेवारीने येत नाही, माझ्या या लेखातल्याही नाही.

गेल्या वर्षी मावशीला मी रंकाळ्यावरच्या अशाच सातआठ जणींकडे नेले. त्या रविवारी सकाळी पदपथ उद्यानात जमतात, त्यांना ना नाव आहे ना फलक. त्यांतल्या एकीला सगळ्या अक्का म्हणतात, ती शिंपीकाम करते. ती आपली टेप घेऊन येते आणि मनगट, मनगटाच्या वर दहा सेंटिमीटर, कोपर आणि दंड अशा ठरलेल्या ठिकाणी प्रत्येकीचे दोन्ही हात महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहिते. दोन हातांत दोन सेंटिमीटरचा नवा फरक दिसला, की फिजिओथेरपिस्टकडे जायचे, असा त्यांचा नियम आहे. मावशी पहिल्या दिवशी गप्प होती. दुसऱ्या खेपेला तिने हळूच विचारले, “अक्का, म्हशीची धार काढली तर चालंल काय?” अक्कांनी तिला आधी फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. तेथून बाही आणि हाताचे व्यायाम घेऊन ती गावी गेली.

दोन महिने तिने अर्धा लिटर पाण्याची बाटली उचलली, मग एक लिटरची. दिवाळीनंतर बाही चढवून ती गोठ्यात बसली. पहिले आठ दिवस चारांपैकी एकच सड तिने डाव्या हाताने पिळला, बाकीचे उजव्याने, पुढच्या आठवड्यात दोन. वहीतला कोपराचा आकडा जागचा हललेला नाही. म्हैस आता जावेला जवळ येऊ देत नाही, अशी जावेची तक्रार आहे.