आंतरवासिता : रजा, मुदतवाढ आणि पोस्टिंगची पुनरावृत्ती

एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेनंतर करावयाच्या बारा महिन्यांच्या सक्तीच्या फिरत्या प्रशिक्षणात (आंतरवासिता, म्हणजेच इंटर्नशिप) गैरहजेरी किंवा असमाधानकारक काम झाल्यास लागू होणारी नियमव्यवस्था. हे प्रशिक्षण पूर्ण झाल्याशिवाय पदवी व कायम नोंदणी मिळत नाही. तोवर विद्यार्थ्याकडे राज्य वैद्यक परिषदेची (महाराष्ट्रात महाराष्ट्र वैद्यक परिषद) फक्त तात्पुरती नोंदणी असते.

उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक भारतातील आंतरवासितेचे मूळ आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या अहवालात (१९४६) शोधतात. त्यात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचवले होते. इतरांच्या मते नमुना ब्रिटिश आहे. वैद्यकीय शिक्षणाचा विचार करणाऱ्या गुडइनफ समितीच्या अहवालानंतर (१९४४) तेथे १९५० चा वैद्यकीय कायदा झाला आणि १९५३ पासून नोंदणीपूर्वीचे एक वर्ष रुग्णालयात काढणे सक्तीचे झाले. भारतीय वैद्यकीय परिषद अधिनियम, १९५६ मधील तात्पुरत्या नोंदणीची तरतूद (कलम २५) या ब्रिटिश व्यवस्थेशी इतकी जुळते, की नोंदणीची चौकट तिकडून आली असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. सामुदायिक वैद्यकाचा वाटा मात्र भोर अहवालाशी सुसंगत आहे. भारतात प्रत्यक्ष सक्ती बहुधा १९५० च्या दशकात टप्प्याटप्प्याने आली असावी.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांत वर्षाचे ५२ आठवडे विभागवार नेमणुकांत (पोस्टिंग) वाटलेले आहेत : सामुदायिक वैद्यक १२, स्त्रीरोग व प्रसूती ७, औषधवैद्यक आणि शल्यचिकित्सा प्रत्येकी ६, बालरोग ३, मनोविकार, बधिरीकरण, अस्थिरोग, कान-नाक-घसा, नेत्ररोग व अपघात विभाग प्रत्येकी २, न्यायवैद्यक आणि त्वचारोग प्रत्येकी १, ऐच्छिक ४. पूर्वपरवानगीने वर्षभरात कमाल १५ दिवसांची रजा मिळते. त्यापुढील दिवसांची मुदतवाढ होते. प्रसूती व पितृत्व रजेला त्या त्या सरकारचे प्रचलित नियम लागू पडतात. दीर्घ मानसिक आजारासाठी वेगळी तरतूद ठळकपणे आढळत नाही. असे अर्ज वैद्यकीय प्रमाणपत्रावर महाविद्यालयाच्या पातळीवरच निकाली निघतात.

‘असमाधानकारक’ कशाला म्हणायचे, हे तेव्हाच्या भारतीय वैद्यकीय परिषदेच्या १९९७ च्या विनियमांत आकड्यांनी सांगितले होते. प्रत्येक बाबीला ० ते ५ गुण, आणि कोणत्याही एका बाबीत ३ हून कमी गुण म्हणजे प्रशिक्षण असमाधानकारक. नव्या नियमांत भर लॉगबुकवर (केलेल्या कामाची नोंदवही) आणि विभागाच्या मूल्यमापनावर आहे, आणि काम असमाधानकारक असल्यास पोस्टिंग पुन्हा करावी लागते. व्यवहारात मात्र ‘रिपीट’ कौशल्याच्या अभावापेक्षा हजेरीमुळे अधिक लागते. काही महाविद्यालये चुकलेले दिवसच भरून घेतात, काही संपूर्ण पोस्टिंग पुन्हा करायला लावतात. एक आठवड्याच्या त्वचारोग पोस्टिंगमध्ये तीन दिवस गेले तर हा फरक फारसा जाणवत नाही. स्त्रीरोग विभागाच्या सात आठवड्यांत तो दीड महिन्याहून मोठा होतो.

रजेचा अर्ज युनिटप्रमुखाकडून विभागप्रमुखांकडे आणि तेथून अधिष्ठाता कार्यालयाच्या इंटर्नशिप विभागाकडे जावा लागतो. सर्वसाधारण चूक इथेच होते. युनिटमध्ये तोंडी ‘जा’ म्हटले जाते, मस्टरवर गैरहजेरी लागते आणि अर्ज वर पोहोचतच नाही. वर्षाअखेरीस कंप्लीशनसाठी (प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रासाठी) सर्व विभागांच्या सह्या गोळा करताना ती नोंद बाहेर येते. तोवर संबंधित निवासी डॉक्टर बहुधा दुसऱ्या युनिटला गेलेले असतात आणि दुजोरा द्यायला कोणी उरत नाही. म्हणून मंजूर अर्जाची पोहोच घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवणे, तसेच प्रत्येक पोस्टिंग संपताच लॉगबुकवर सही घेणे इष्ट. रात्रपाळीनंतरची सुटी रजेत मोजली जाऊ नये; तरीही ती मस्टरवर ‘ऑफ’ अशी लिहिली आहे ना, हे पाहावे.

मुदतवाढ बारा महिने संपल्यावर सुरू होते, कारण मधल्या काळात पुढच्या पोस्टिंगच्या जागा इतर तुकड्यांनी भरलेल्या असतात. वाढीव काळाचे विद्यावेतन सहसा मिळत नाही. खरा फटका नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या पात्रतेला बसतो. आंतरवासिता पूर्ण करण्याची अंतिम तारीख दरवर्षी जाहीर होते (२०२५ साठी ती ३१ जुलै होती), आणि काही दिवसांच्या मुदतवाढीने ती हुकली, तर पदव्युत्तर प्रवेशाचे संपूर्ण वर्ष जाते.